जुना बँजो आणि सरसाचं भांडं
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जुने बँजो दुरुस्त करायचा माझा छंद आहे असं म्हटल्यावर मघाशी मागच्या रांगेतून प्रश्न आला, "म्हणजे गणपतीत वाजतो तो?" तो नव्हे. बटणं दाबून वाजवायचा आपला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. जपानच्या नागोया शहरात १९१२ साली निघालेल्या ताईशोगोतो या वाद्याचा वंशज. मी म्हणतो तो अमेरिकेतला बँजो. डफाला सतारीची दांडी जोडल्यासारखा दिसतो.

खरं तर तो मूळचा अमेरिकेचाही नाही. भोपळ्यावर चामडं ताणून तंतुवाद्य करायची रीत पश्चिम आफ्रिकेची. गुलाम म्हणून जहाजात कोंबून नेलेल्या माणसांनी ती सोबत नेली. पुढे एकोणिसाव्या शतकात गोऱ्या वादकांनी हे वाद्य उचललं, त्याचे कारखाने निघाले, आणि ज्यांनी ते आणलं त्यांची नावं मागे पडली.

काही वर्षांपूर्वी पेनसिल्व्हेनियात, आमच्या शेजारच्या गावात, एका वृद्ध बाईंनी घर आवरायला काढलं होतं. माळ्यावरच्या सामानात एक बँजो होता. चामडं फाटलेलं, तारा गंजलेल्या, एक खुंटी गायब. "आमच्या आजोबांचा की त्यांच्या भावाचा, ठाऊक नाही. कळलं तर सांगा," एवढंच त्या म्हणाल्या.

जुना बँजो ओळखायचा तर आधी त्याच्या पोटात बघायचं. मागची बाजू बहुधा उघडीच असते. दांडीला जोडलेली एक लाकडी काठी गोल कड्याच्या आत आरपार गेलेली असते. तिच्यावर बनवणाऱ्याचा शिक्का असतो आणि पुष्कळदा क्रमांकही. माझ्या बँजोवर फिलाडेल्फियाच्या एस. एस. स्ट्यूअर्टचा शिक्का निघाला. हे गृहस्थ १८९८ साली वारले. क्रमांकावरून बँजो त्याआधीच्या चारपाच वर्षांतला ठरला. पण शिक्क्यावर थांबायचं नाही, कारण दांडी एकाची आणि कडं दुसऱ्याचं असे जोडबँजो पुष्कळ मिळतात. म्हणून बाकीचं शिक्क्याशी जुळतं का ते पाहायचं. खुंट्या व्हायोलिनसारख्या नुसत्या घट्ट बसवलेल्या आहेत का? लाकडी कड्यावर धातूचा पत्रा मढवला आहे का? चामडं ताणणाऱ्या आकड्यांची भोकं मूळची आहेत की मागाहून पाडलेली? सगळं जुळलं, आणि मला घाई झाली.

इथे माझी चूक झाली. फाटलेलं चामडं तारेच्या कडीवरून सोडवायला मी ते बादलीत भिजत घातलं. आतल्या बाजूला काळपट डाग होते, ते मला मळ वाटले. अर्ध्या तासाने पाहतो तर पाणी निळसर. तो मळ नव्हता, शाईने लिहिलेल्या दोन ओळी होत्या. त्यातलं 'जून' एवढं महिन्याचं नाव वाचता आलं. बाकी सगळं गेलं. कदाचित तिथेच वादकाचं नाव होतं. मी बाईंना फोन करून खरं ते सांगितलं. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "निदान कुणीतरी लिहिलं होतं एवढं तरी कळलं." त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून माझा नियम ठरला आहे. पहिला दिवस फक्त फोटो आणि वही. हत्याराला हात दुसऱ्या दिवशी.

दुरुस्तीत मला सर्वात उपयोगी पडली ती याच शाळेतली सुतारकामाची खोली. दांडी आणि आतली काठी यांचा सांधा सुटला होता. दुकानातला आधुनिक गोंद लावला असता तर तो पक्का बसला असता, पण पुन्हा कधी उघडला नसता. आपले सर भांड्यात सरस वितळवायचे. त्या वासाने आपण नाक धरायचो, आठवतं? सरसाचा गुण असा की ऊब आणि पाणी दिलं की तो सुटतो. पुढच्या दुरुस्तीवाल्याची वाट बंद होत नाही.

नवं चामडं आधी भिजवून मऊ करायचं, कडीभोवती बसवायचं, हलकं ताणायचं आणि सावलीत एक-दोन दिवस सुकू द्यायचं. ओलं असतानाच करकचून आवळलं तर सुकताना आकसून फाटतं. तारांचीही गंमत आहे. या बँजोला मूळच्या आतड्याच्या ताती. दांडीत पोलादी सळई नाही, त्यामुळे जाड पोलादी तारा चढवल्या तर हळूहळू दांडी वाकते. मी नायलॉनच्या लावल्या. आणि जुनं पॉलिश खरवडलं नाही. अंगठ्याने झिजलेली जागा तशीच ठेवली, कारण आता त्या वादकाची तेवढीच खूण उरली आहे.

बँजो वाजू लागल्यावर बाईंना ऐकवला. मग तो त्यांच्याच नातीला दिला. पैसे घेतले नाहीत. माझ्याकडून त्यांचं काही देणं लागत होतं.

हे सगळं इथे सांगायला कारण आहे. काल आपण कोठीची खोली उघडली. प्रार्थनेची पेटी तिथे आहे, भाता फाटलेला. तबल्याची जोडीही आहे. आपल्या निधीतून त्या जागी नवीन कीबोर्ड घ्यावा असं काहींनी सुचवलं. कीबोर्ड जरूर घ्या. पण पेटी भंगारात देण्याआधी आणि दुरुस्तीला टाकण्याहीआधी तिचं झाकण उघडून आत नीट पाहा. मी काल पाहिलं. पट्ट्यांच्या खाली, लाकडावर, पेन्सिलीने कुणीतरी आपलं नाव आणि इयत्ता लिहिली आहे.

मी फोटो काढून ठेवला आहे. नाव मात्र सांगणार नाही. ती व्यक्ती आज या सभागृहात बसली आहे, आणि चहाच्या वेळी तिने स्वतःच कबूल करावं अशी माझी इच्छा आहे.