बंद घरातला वारा
(मंडळाच्या हळदीकुंकू समारंभातील भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. यंत्राविषयी मी बोलावे हे मलाच चमत्कारिक वाटते. पण धाकट्या जावेच्या बाळंतपणासाठी मी 2023 च्या हिवाळ्यात कॅनडातल्या विनिपेगला राहून आले. तिथे हवा खेळविण्याचे यंत्र बसविताना पाहिले, ते सांगावे असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला.

तिथे थंडीत पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो. खिडकी उघडायची सोय नाही. घरे अशी घट्ट, की भिंतीच्या आतसुद्धा प्लॅस्टिकचा पडदा. मग भाताची वाफ, न्हाणीची वाफ, आम्हा माणसांचे उच्छ्वास जाणार कुठे? काचांवर पाणी धरून त्याचा बर्फ होई. पाळण्यामागच्या भिंतीवर काळी बुरशी आली. बाळ रात्रभर खोके आणि जाऊ रडे. शेवटी भावजींनी यंत्र आणविले. त्याला तिथे ई. आर. व्ही. म्हणतात.

ट्रंकेएवढी ती पेटी तळघरात तुळयांना पट्ट्यांनी टांगली, म्हणजे घरघर वर पोचत नाही. आत दोन पंखे. एक न्हाणीघर व स्वयंपाकघरातली कोंदट हवा बाहेर टाकतो, दुसरा बाहेरची ताजी हवा निजायच्या खोल्यांत सोडतो. (शेगडीच्या डोक्यावर मात्र त्याचे तोंड ठेवीत नाहीत, तेलकटाने यंत्र चिकटते.) मधे कागदासारख्या पातळ पडद्यांचा गठ्ठा. जाणारी ऊन हवा पडद्याच्या एका अंगाने, येणारी गार हवा दुसऱ्या अंगाने. दोन्ही मिसळत नाहीत, पण ऊब पलीकडे जाते. थोडी ओलही परत येते, नाहीतर तिथली हिवाळी हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात.

यंत्र बसले त्या दिवशी सगळ्यांना आनंद. दुसऱ्या दिवशी बाळाच्या खोलीत साबणाचा दमट वास! भावजी म्हणाले, "वहिनी, नवे यंत्र आहे, जाईल वास." माझे मन घेईना. कपडे वाळविण्याचे यंत्र थांबले की वासही थांबे. भावजींचाच कोट चढवून बर्फात जाऊन पाहिले, तर त्या यंत्राच्या वाफेचे नळकांडे आणि ताज्या हवेचे तोंड यांत वीतभर अंतर. बाहेर टाकलेले तेच आम्ही बाळाला पाजत होतो.

कारागीर पुन्हा आला. हवा घेण्याचे तोंड अशा नळकांड्यापासून सहा फूट तरी दूर, बर्फाच्या थराहून उंच, मोटारीच्या धुरापासून लांब हवे, हे त्याला ठाऊक होते. घाईत भोक पाडले, म्हणाला. जागा बदलली. मग माप लावून येणारी व जाणारी हवा सारखी केली. पहिल्या खेपेला हेही राहूनच गेले होते. जाणारी जास्त झाली तर फटीफटीतून गारठा ओढला जातो. येणारी जास्त झाली तर घरातली दमट हवा भिंतीत शिरून तिथे गोठते. मी प्रत्येक जाळीपाशी उदबत्ती धरून धूर कुणीकडे जातो ते पाहिले. कारागीर हसला, पण थांबून बघत राहिला.

काचा आठवड्यात कोरड्या झाल्या. बुरशी पुसून काढली, ती फिरून आली नाही. बाळाचा खोकलाही उतरला, पण तो यंत्रामुळे की आपसूक, ते मी सांगणार नाही.

निघण्याआधी पेटीवर कागद चिकटविला, "दर दोन महिन्यांनी जाळी धुणे." जाऊ विसराळू. मागे फोनवर म्हणाली, "ताई, रागवू नका, या खेपेला चार महिने झाले." धुतलेले पाणी शाईसारखे निघाले म्हणे.