परक्या भाषेतला संसार



श्रीवर्धनच्या दक्षिणेला बागमांडल्याच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर सावित्रीची खाडी आणि पलीकडे बाणकोटचा किल्ला दिसतो. आज गाडीसकट फेरीबोटीत चढायचं आणि काही मिनिटांत पलीकडे उतरायचं. दोनशे वर्षांपूर्वी मात्र ही खाडी दोन राज्यांची सरहद्द होती. अलीकडे जंजिऱ्याचे नवाब, पलीकडे १७५६ पासून इंग्रज. किल्ल्याला इंग्रजांनी ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ नाव दिलं. त्या नावाचा राणीशी संबंध नाही, राणी तेव्हा जन्मायचीच होती. याच बाणकोटात १८२३ साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीनं आपलं पहिलं ठाणं मांडलं. मग खाली हर्णैला दुसरं. आणि १८२९ साली या किनाऱ्यावर एक नवं जोडपं मराठी शिकायला आलं. जॉन विल्सन आणि त्यांची पत्नी मार्गारेट.

विल्सन कॉलेजमुळे जॉन विल्सन हे नाव आपल्याला माहीत असतं. पण ते पुढचे, मानमरातब मिळालेले विल्सन. मला सांगायचं आहे ते चोवीस वर्षांच्या तरुणाबद्दल आणि त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या असलेल्या त्याच्या बायकोबद्दल. मार्गारेट ही ग्रीनॉक या बंदरातल्या पाद्र्याची शिकलेली मुलगी. ऑगस्ट १८२८ मध्ये लग्न झालं आणि त्याच महिन्यात दोघं जहाजात बसले. आफ्रिकेला वळसा घालून मुंबईला पोचायला फेब्रुवारी १८२९ उजाडला. तिथून ही मंडळी कोकणात आली.

कोकणातला पहिला पावसाळा परक्या माणसाला काय वाटत असेल, याचा जरा विचार करा. मे संपत आला की मचवे किनाऱ्यावर ओढून घेतात, घरं शाकारतात, झापांच्या झडी बांधतात. समुद्राची वाट बंद होते. टपाल उशिरा येतं. मीठ पाझरतं, कपड्यांना बुरशी येते, पुस्तकांना वास येतो. अशा दिवसांत घरात कोंडलेल्या त्या दोघांना एकच काम होतं, भाषा शिकणं.

तेही सोपं नव्हतं. मोल्सवर्थचा मोठा मराठी-इंग्रजी कोश छापून यायला अजून दोन वर्षं होती. छापील पुस्तक बाळबोधात, तर पत्र आणि हिशेब मोडीत, म्हणजे लिप्याही दोन. शास्त्रीबुवा शिकवणार ती पोथीतली मराठी. दारात मासळी घेऊन आलेल्या कोळणीची बोली वेगळी, शेतावरच्या कुणब्याची वेगळी, आम्हा कोकणी मुसलमानांच्या मोहल्ल्यातली आणखी वेगळी. विल्सन काही महिन्यांत मराठीत प्रवचन देऊ लागले. पण मला नेहमी वाटतं की प्रवचन देणं त्यातल्या त्यात सोपं. ते आधी लिहून पाठ करता येतं. समोरचा ऐकून घेतो, मध्ये बोलत नाही. संसाराची भाषा अवघड. तिथं समोरचं माणूस उलट विचारतं. दूध पातळ का, सरपण ओलं का, तुला मूल का नाही, तुझी आई कुठं आहे? या प्रश्नांना पाठ केलेलं उत्तर चालत नाही.

ही दुसरी भाषा बाईलाच शिकावी लागते. मुंबईला परतल्यावर मार्गारेटबाई मुलींच्या शाळा काढण्याच्या मागे लागल्या. त्याआधी १८२४ मध्ये अमेरिकन मिशननं मुंबईत मुलींची शाळा काढली होती. पण शाळा काढली म्हणून मुली येत नाहीत. मुलगी यायची तर तिची आई राजी हवी, आणि आईला राजी करायचं तर तिच्या ओसरीवर बसून तिच्या भाषेत बोलता आलं पाहिजे. गावदेवीची सेंट कोलंबा शाळा आपली सुरुवात १८३२ ची सांगते, ती मार्गारेटबाईंच्या कामातून.

या सहा वर्षांत त्यांची बाळंतपणं झाली. मुलगा अँड्र्यू १८३१ चा. अशा घरांतली मुलं पहिले शब्द बहुधा आयाच्या भाषेत बोलत आणि जरा मोठी झाली की हवा मानवत नाही म्हणून त्यांना बोटीत बसवून विलायतेला पाठवत. आईबापांना ज्या देशात घर करायचं, त्या देशात मुलांना ठेवता यायचं नाही. अँड्र्यू स्कॉटलंडमध्ये शिकला. पुढे तो वर्तमानपत्रांत काम करायला मुंबईला परत आला आणि हिमालयाच्या प्रवासावर त्यानं गाजलेलं पुस्तक लिहिलं. पण आईची आणि त्याची भेट पुन्हा व्हायची नव्हती. मार्गारेटबाई १९ एप्रिल १८३५ रोजी मुंबईत वारल्या. वय एकोणचाळीस. त्यांची पत्रं आणि रोजनिशीतला मजकूर विल्सननी १८३८ साली चरित्रग्रंथात छापला.

श्रोतेहो, इथं एक गोष्ट स्पष्ट बोललं पाहिजे. हे लोक आपला धर्म पसरवायला आले होते. १८३१ साली विल्सननी मोरभट दांडेकरांशी वाद घातला. १८३३ मध्ये हाजी मुहम्मद हाशिम यांच्याशी छापील वाद करून माझ्या धर्मावर टीका केली. १८३९ मध्ये पारशी तरुणांच्या धर्मांतरावरून मुंबईत केवढी खळबळ उडाली, प्रकरण कोर्टात गेलं, शाळा ओस पडली. घरचा मुलगा जातो तेव्हा घराला काय होतं, हे त्या आईबापांना विचारायला हवं होतं. विल्सनांचा तो हेतू मला मान्य नाही. पण हेतू न पटणाऱ्या माणसाचे कष्टही पाहू नयेत, असं कुठं आहे? त्यांच्याच मिशनच्या पुण्यातल्या शाळेत जोतीराव फुले शिकले आणि तिथून स्वतःच्या वाटेनं गेले. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली, तिच्या आरंभी मराठीच्या घडणीवर आणि प्रसारावर विल्सनांचं टिपण आहे. आणि आपल्या अलिबाग-रेवदंड्याच्या बेने इस्राएल मंडळींना, म्हणजे आपल्या शनिवार तेल्यांना, आपल्या धर्मग्रंथाची हिब्रू शिकता यावी म्हणून विल्सननी मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. त्याच मंडळींची नातवंडं-पतवंडं १९४८ नंतर इस्राएलला गेली, तेव्हा हिब्रू त्यांच्या बाजारहाटाची भाषा झाली आणि मराठी घरात राहिली. तिथं त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही चालवलं.

म्हणजे हा संसार केवळ गोऱ्या पाद्र्यांचा नाही. आमच्या म्हसळा, श्रीवर्धन, मुरूडच्या मोहल्ल्यांत अशी किती घरं आहेत, ज्यांचं माणूस आखातात आहे. सून पोराला घेऊन मस्कतला किंवा कुवेतला जाते. पहिल्या महिन्यात तिला दुकानात बोटानं दाखवून जिन्नस घ्यावे लागतात. सहा महिन्यांनी ती भाव करते. तिथपर्यंत ती तिथली पाहुणी असते, त्या दिवसापासून तिथली रहिवासी. कागदपत्रं काहीही म्हणोत.

हे मी कवी म्हणून आवर्जून सांगतो, याला कारण आहे. मी मराठी घेऊन बी.ए. झालो, पस्तीस वर्षं मराठीत कविता लिहितो. तरी कविसंमेलनात कुणीतरी भला माणूस पाठीवर हात ठेवून म्हणतोच, “वा, मराठी छान येतं हो तुम्हाला!” त्याच्या मनात वाईट काही नसतं. पण विल्सनसाहेबांना हे कौतुक शोभत होतं, ते समुद्र ओलांडून आले होते. मी कुठून आलो? माझ्या आजीनं पिठलं केलं ते मराठीत, माझ्या आजोबांनी तांडेलकी केली ती मराठीत. आणि ज्या मराठीत ‘हवा’ आणि ‘दुकान’ आमच्या बाजूनं आले, ‘चावी’ आणि ‘बटाटा’ पोर्तुगीजांकडून आले, तिनं आल्यागेल्याला कधी त्याचा धर्म विचारला नाही. विचारतात ती माणसं.

मार्गारेटबाईंचं मला मोल वाटतं ते यासाठी. ओसरीवर बसून दुसऱ्या बाईचं सुखदुःख तिच्या शब्दांत ऐकायचं, यासाठी त्या तीस वर्षं उलटल्यावर नवी अक्षरं गिरवायला बसल्या. आज आपल्या गावात बिहारचा गवंडी येतो, नेपाळचा रखवालदार बायकापोरांसह येतो. त्यांची मुलं आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी बाराखडी गिरवतात. त्या मुलाची आई दुकानात अडखळत दोन शब्द मराठी बोलली तर हसू नका आणि लगेच हिंदीवरही येऊ नका. जरा थांबा, तिला वाक्य पुरं करू द्या. तिचं ते वाक्य पुरं झालं की आपल्या भाषेत आणखी एक घर वाढलेलं असतं.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)