हेडलाइटचा बल्ब: हॅलोजन, एचआयडी की एलईडी?

आजचा एपिसोड एका चुकीवरून सुचलाय, आणि चूक माझीच आहे.

आमच्याकडे जुनी हॅचबॅक आहे, हेडलाइटला एच४ हॅलोजन. गेल्या पावसाळ्यात ताम्हिणी घाटात रात्री रस्ता नीट दिसेना. मग ऑनलाइन एलईडी किट मागवलं, स्वतःच बसवलं. लाइट पांढराशुभ्र! मी जाम खूश. चार दिवसांनी बाबा घरी आले ते चिडूनच. "कोपऱ्यावर कुठल्यातरी गाढवानं डोळ्यांवर असा लाइट मारला, की स्कूटर सरळ खडीत गेली." कोपरा विचारला, वेळ विचारली. ते गाढव मीच होतो.

आता असं का झालं ते बघू. एच४मध्ये दोन फिलामेंट असतात, हाय बीम ६० वॉट आणि लो बीम ५५ वॉट. लोच्या फिलामेंटखाली धातूची छोटीशी वाटी असते. ती रिफ्लेक्टरच्या खालच्या भागाकडे जाणारा प्रकाश अडवते, नाहीतर तो उलटून वर, समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता. रिफ्लेक्टरचा आकारही त्या फिलामेंटच्या नेमक्या जागेनुसार ठरवलेला असतो. एलईडी किटमध्ये तिथे चपट्या चिप्स येतात. जागा एखाद्या मिलिमीटरनं हलली तरी प्रकाश भलतीकडे उधळतो. धुक्यात तोच उधळलेला प्रकाश परत आपल्याच डोळ्यांवर येतो.

म्हणजे एलईडी वाईट का? अजिबात नाही. कंपनीनंच एलईडीसाठी बनवलेला हेडलाइट असेल तर मस्त: वीज कमी लागते, आयुष्य जास्त. बल्ब आणि हेडलाइट ही जोडी आहे, एवढंच लक्षात ठेवा.

एचआयडी, म्हणजे आपण ज्याला झेनॉन म्हणतो, त्यात फिलामेंटच नसतं. वायूच्या नळीत ठिणगी पेटते. त्यासाठी बॅलास्ट सुरुवातीला २०,००० व्होल्टच्या वर झटका देतो. ३५ वॉटमध्ये हॅलोजनच्या दुपटीहून जास्त प्रकाश मिळतो, पण पूर्ण उजळायला काही सेकंद लागतात. १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७ सिरीजमध्ये तो आला. साध्या हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये तो कोंबला, तर समोरच्याचे हाल एलईडी किटसारखेच.

आणि ते १००/९० वॉटचे हॅलोजन? मूळ वायरिंगवर लावू नका, होल्डर वितळतो.

मग मी काय केलं? ६०/५५चेच नवे हॅलोजन लावले, दोन्ही बाजूंना एकदमच. काचेला बोट लावायचं नाही; बोटाचं तेल लागलं की ती जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. मग पिवळी पडलेली हेडलाइटची काच पॉलिश करून घेतली. खरं सांगतो, अर्धा प्रॉब्लेम तिथेच होता!

आज रात्री एक करा. गाडी सपाट जागेवर, भिंतीसमोर लावा आणि लो बीम टाका. वरची कडा स्वच्छ दिसली तर ठीक. प्रकाश भिंतभर पसरला तर बल्ब नीट बसलाय का बघा, नाहीतर बदला.

बाबांना मी सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "म्हणजे मी बरोबरच बोललो होतो."

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. आणि हो, समोरून गाडी आली की डिपर!