तपासणीचा दिवस भरपगारी हवा



आपण ज्या बेंगळुरूत जमलो आहोत, तेथील तयार कपड्यांच्या कारखान्यांत लाखो स्त्रिया शिलाई यंत्रावर राबतात. एप्रिल २०१६ मध्ये भविष्य निर्वाह निधी काढण्यावरील निर्बंधांविरुद्ध त्या रस्त्यावर उतरल्या आणि केंद्र सरकारला तो निर्णय मागे घ्यावा लागला. घामाचा पैसा ज्यांनी राखला, त्यांना स्वतःचे शरीर राखण्यास मात्र सवड नाही.

स्तनातील कर्करोगाची गाठ आरंभी बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणून काम थांबत नाही, आणि गाठ वाढत राहते. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार त्या वर्षी भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग झाला, ९८ हजार दगावल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी स्तनतपासणी कधीतरी झालेल्या शेकडा एकही भरल्या नाहीत!

यंत्रे महाग आहेत, ही सबब आपण ऐकतो. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. निम्म्यांची दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत, केवळ हाताने तपासणी झाली. ती केली दहावी शिकलेल्या, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोग आधीच्या अवस्थेत सापडू लागला होता आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत त्याने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले होते. पन्नाशीखाली मृत्यूंत घट दिसली नाही, हेही सांगितलेच पाहिजे. पण हाताला लागलेली गाठ कोणत्याही वयात दाखवलीच पाहिजे.

दाखवायची कोठे? येथे किडवाई कर्करोग संस्था १९७३ पासून उभी आहे. तिच्या दारापर्यंत जायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. कामगार राज्य विमा योजनेत कर्करोग जडल्यावर, अटी पुऱ्या करणाऱ्या कामगाराला, दोन वर्षांपर्यंत ८० टक्के वेतन मिळू शकते. रोग वाढल्यावर पैसा आहे, तो शोधण्यासाठी अर्धा दिवस नाही! सोलापूरच्या विडी कामगार स्त्रीला, घरी काम करत असल्याने, कारखान्याचे दारही नाही.

तिशीपुढील प्रत्येक स्त्रीची पाच वर्षांतून एकदा तपासणी सरकारी कार्यक्रमात लिहिलेली आहेच. ती प्रशिक्षित परिचारिकेमार्फत कारखान्यात आणि वस्तीत, कामाच्या वेळेत, भरपगारी व्हावी. संशय आल्यास पुढील तपासण्यांचे दिवसही भरपगारी धरावेत. पुढच्या मागणीपत्रकात हे कलम वेतनवाढीच्या कलमाशेजारीच लिहावे.