स्वाक्षरीवहीतले बारावे पान

(शताब्दी महोत्सवानिमित्त ग्रंथालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या सभागृहात आजवर ज्ञानेश्वरीपासून अर्थशास्त्रापर्यंत अनेक विषयांवर जाणकारांची व्याख्याने झाली आहेत आणि त्यांतली पुष्कळशी मी मागच्या रांगेत बसून ऐकली आहेत. त्याच व्यासपीठावरून खेळाडूंच्या सह्यांविषयी बोलायचे, याचा मला थोडा संकोच वाटतो. कार्यवाहांना मी तसे म्हणालोही. त्यावर ते म्हणाले, "तुम्ही वही ग्रंथालयाला द्यायची म्हणता ना? मग ती काय आहे, हे सभासदांना सांगायला नको का?" तेव्हा आजचे बोलणे त्या वहीपुरतेच आहे, विषयाच्या ओघात चार इकडच्या तिकडच्या गोष्टी येतील, त्या गोड मानून घ्याव्यात.

सही मागण्याच्या आणि देण्याच्या नादापायी ऑलिंपिकमध्ये आपल्यावर एक गोल झालेला आहे. १९३२ साली लॉस एंजेलिसला भारताच्या हॉकी संघाने अमेरिकेचा २४ विरुद्ध १ असा पराभव केला. त्यांतले दहा गोल एकट्या रूपसिंहांचे. ग्वाल्हेरकरांना ते कोण हे सांगायला नको. तेथील स्टेडियमला त्यांचेच नाव आहे. पण अमेरिकेचा तो एक गोल झाला कसा? असे सांगतात की, चेंडू आपल्या बाजूला फिरकतच नाही हे पाहून आपले गोलरक्षक रिचर्ड ॲलन गोलच्या मागे जमलेल्या प्रेक्षकांना सह्या देत उभे होते. गोष्टीला तिखटमीठ लागले असेल. परंतु त्या दिवशी ज्याच्या वहीत ॲलनची सही पडली असेल, त्याच्या भाग्याचा मला आजही हेवा वाटतो. त्या सहीला एका गोलाची किंमत पडली आहे!

आम्हां इंदूरकरांना या छंदासाठी दूर जावे लागले नाही. होळकर दरबाराने १९२३ साली कर्नल सी. के. नायडू यांना इंदुरास आणले आणि या शहराचे क्रिकेट बदलून गेले. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत होळकर संघ दहा वेळा रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात खेळला आणि चार वेळा विजेता ठरला. मुश्ताक अली येथलेच. चंदू सरवटे, जगदाळे, भाऊसाहेब निंबाळकर हे या संघातून खेळत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डेनिस कॉम्प्टन लष्करी सेवेत महूला होते, त्यामुळे तेही होळकरांकडून खेळले. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध त्यांनी नाबाद २४९ धावा काढल्या, तरीही आपण ३७४ धावांनी हरलो. सामना संपला की ही मंडळी सायकलवरून जाणाऱ्या मुलांच्या दृष्टीच्या टप्प्यात असत. आज खेळाडू आणि चाहता यांच्यामध्ये जाळी, काच आणि सुरक्षारक्षक असतात. आणि त्यांतूनही कोणी जवळ पोहोचलाच, तर तो वही काढत नाही, फोन काढतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. छायाचित्रात निदान दोघांचे चेहरे तरी येतात.

माझे वडील संस्थानच्या हिशेब खात्यात कारकून होते. त्यांची वही काळ्या कापडी बांधणीची, तळहातापेक्षा थोडी मोठी. खाजगी वह्यांतही हिशेबनीसाची शिस्त सुटत नाही. प्रत्येक सहीखाली त्यांनी बारीक अक्षरात टीप लिहिली आहे: स्थळ, तारीख, धावसंख्या, आपण कोठे उभे होतो आणि पेन कोणाचे होते. लहानपणी मला हे निरर्थक वाटे. सही तर समोर दिसते आहे, मग पेन कोणाचे होते याच्याशी काय कर्तव्य? पुढे साठ वर्षे मी स्वतः सह्या जमवल्या, बॅटी आणि चेंडू जमवले, इतरांचे संग्रह पाहिले, तेव्हा कळले की माझ्या चारशे सह्यांपेक्षा वडिलांच्या एकतीस सह्या अधिक भरवशाच्या आहेत, आणि त्या केवळ त्या टिपांमुळे.

कारण या छंदातला मुख्य प्रश्न "कोणाची सही" हा नसून "कशावरून" हा आहे. खोट्या सह्यांचे प्रकार अनेक. बॅटीवर कारखान्यातच छापलेली सही असते. ती पुष्कळ घरांत खरी म्हणून जपली जाते आणि त्यात कोणाचाच अपराध नसतो. काही खेळाडूंच्या वतीने त्यांचे चिटणीस सह्या करतात. माझ्याच संग्रहात एका पाहुण्या संघाचा कागद आहे. मी तो हॉटेलच्या दारातून आत पाठवला आणि अर्ध्या तासात अकरा सह्यांनिशी परत आला. दहा वर्षे मी तो अभिमानाने दाखवला. मग एके दिवशी भिंगाखाली धरला, तर अकराही जणांचे अक्षर एकाच बाजूला, एकाच दमात झुकलेले! कोणा एकाच परोपकारी माणसाने साऱ्या संघाचे काम उरकले होते. तो कागद मी फाडला नाही, पाठीमागे तसे लिहून ठेवला आहे.

हे झाले आळसाचे प्रकार. पैशासाठी होणारे प्रकार याहून मोठे. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या अखेरीस एफ.बी.आय. ने ‘ऑपरेशन बुलपेन’ या नावाने खेळाडूंच्या बनावट सह्यांचा तपास केला, तेव्हा मोठी टोळी उघडकीस आली. त्या मालात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलही होते! विकत घेणाऱ्याने क्षणभर थांबून विचार केला असता, की या माउलीने चेंडूवर सही कधी आणि का केली असेल, तर फसवणूक तिथेच संपली असती. वडिलांची टीप नेमके हेच विचारायला शिकवते.

आपल्या चंदू सरवट्यांचा येथे उल्लेख करण्याचा मोह आवरत नाही. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात ओव्हलवर सरेविरुद्ध भारताचे नऊ गडी २०५ धावांत बाद झाले असता दहाव्या क्रमांकाचे सरवटे आणि अकराव्या क्रमांकाचे शुटे बॅनर्जी यांनी शेवटच्या जोडीसाठी २४९ धावा केल्या. दोघांचीही शतके झाली. हे सर्वांना ठाऊक असते. पण सरवटे व्यवसायाने ठसेतज्ज्ञ होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. बोटाचा ठसा खोटे बोलत नाही, सही मात्र बोलू शकते. गिरवलेली सही ओळखू कशी येते, ते मी पुस्तकांतून आणि अनुभवातून शिकलो. खरी सही वेगाने होते. रेघेचा आरंभ आणि शेवट निमुळता असतो, मधला दाब कमीजास्त होतो. गिरवणारा हात जपून चालतो, म्हणून रेघ सर्वत्र सारख्या जाडीची, मध्येच थबकलेली आणि टोकांना बोथट येते. हे मला इतके नेमके का ठाऊक आहे, ते आता सांगतो.

वडिलांच्या वहीत बाराव्या पानावर सी. के. नायडूंची सही आहे. १९४५-४६ च्या हंगामात यशवंत क्लबच्या मैदानावर होळकर संघाने म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ वर डाव घोषित केला. त्या डावात सहा जणांनी शतके काढली आणि त्यांत वयाची पन्नाशी गाठलेले सी. के. होते. त्या सामन्यातली ही सही. खाली टीप आहे: "चहापानानंतर. तंबूच्या उत्तरेस. पेन क्लबातील कारकुनाचे." त्या कारकुनाच्या पेनात शाई बहुधा पाण्यानेच वाढवलेली असावी, कारण दहा-अकरा वर्षांत ती सही फिकट होऊन गेली.

१९५७ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, वयाच्या अकराव्या वर्षी, मी ती वही कपाटातून काढली. एवढ्या मोठ्या माणसाची सही अशी पुसट दिसते, याचे मला वाईट वाटले. शाळेची निळी-काळी शाई आणि टाक घेऊन, जीभ दातांत धरून, मी ती सबंध सही गिरवली. काम उत्तम साधले असे वाटून संध्याकाळी वडिलांना स्वतः दाखवलीही.

ते रागावले नाहीत. बराच वेळ पानाकडे पाहत राहिले. आई म्हणाली, "अहो, सी. के. गावातच आहेत, जाऊन दुसरी घ्या." वडील म्हणाले, "दुसरी मिळेल. त्या दिवशीची नाही मिळणार." मग त्यांनी आपले पेन काढले आणि जुन्या टिपेखाली एक ओळ वाढवली: "मे १९५७. चिरंजीवांनी गिरवली." एवढेच. हिशेबात चूक झाली तर ती खोडायची नाही, तिच्यापुढे शेरा लिहायचा, हा त्यांच्या खात्याचा नियम होता.

येथवर हा बालपणीचा किस्सा आहे आणि मी तो घरात हसत सांगत आलो. यापुढचा भाग मी कोणालाच सांगितलेला नाही. वडील गेल्यानंतर काही वर्षांनी मी माझ्या संग्रहाचे एक प्रदर्शन भरवले. बारावे पान उघडून ठेवले आणि त्यावर पुठ्ठ्याची एक सुबक चौकट बसवली. चौकटीच्या खिडकीतून सही दिसत होती, सामन्याची टीप दिसत होती. १९५७ ची ओळ मात्र पुठ्ठ्याखाली गेली होती. मापे मीच घेतली होती. लोक येऊन म्हणाले, काय ठसठशीत सही आहे, जशी कालच केलेली! एका संग्राहकाने तेथल्या तेथे मोठी रक्कम देऊ केली. मी विकली नाही, आणि त्याबद्दल माझी वाहवा झाली. विकली नाही याचे खरे कारण असे की, वही हाती घेताच त्याने चौकट उचलली असती.

या सह्यांना आणि वस्तूंना आता मोल किती येते, ते आपण वाचतोच. शेन वॉर्नने २०२० साली ऑस्ट्रेलियातील वणव्यांच्या मदतीसाठी आपली कसोटीची हिरवी टोपी लिलावात काढली, तिला दहा लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. चांगल्या कामासाठी पैसा उभा राहिला, याचा आनंदच आहे. उलट डॉन ब्रॅडमन यांनी उतारवयातही आलेल्या पत्रांना उत्तरे दिली आणि इतक्या सह्या केल्या, की खऱ्या ब्रॅडमन-सह्या जगात विपुल आहेत. बाजाराच्या दृष्टीने हा त्यांचा दोष. मला तो त्यांचा मोठेपणा वाटतो.

एक खंत मात्र सांगितली पाहिजे. क्रिकेटपटूंच्या मागे धावताना आम्ही इतरांकडे पाठ फिरवली. १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. एक पोस्टकार्ड टाकायचे, एवढेच काम होते. १९८४ साली त्यांचे अपघाती निधन झाल्याची बातमी वाचली, तेव्हा मी वही उघडून पाहिली. त्यांचे नाव आपल्या मनात कधी आलेच नव्हते, हे ध्यानात आले.

ग्रंथपालांना जपणुकीविषयी मी काय सांगावे? तरी दोन विनंत्या. वहीला कसर आणि ऊन या दोहोंपासून राखावे; आणि कोणी कितीही आग्रह केला तरी पानांना प्लास्टिकचे आवरण चिकटवू नये, पारदर्शक चिकटपट्टी तर मुळीच लावू नये. तिचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो आणि मग सहीही वाचत नाही, कागदही वाचत नाही. माझ्या बॅटी कोणाला हव्या असतील तर त्यांनाही एक सूचना: सही असलेल्या बॅटीला हौसेने जवसाचे तेल चोपडू नका, शाई फुटते.

वहीची दाखलनोंद परवा ग्रंथपालांबरोबर बसून केली. त्यांनी बाराव्या पानापुढे लिहिले होते, "कर्नल सी. के. नायडू, मूळ स्वाक्षरी." मी ती ओळ तशीच ठेवायला सांगितली आणि तिच्यापुढे शेरा घालवून घेतला: "मे १९५७ मध्ये दात्याने गिरवलेली. मूळ रेघ खाली आहे." खिडकीपाशी पान तिरपे धरले तर ‘नायडू’च्या शेवटी, माझा टाक जेथे चुकून बाजूला गेला, तेथे फिकट निळ्या शाईचा निमुळता फराटा अजून दिसतो. तेवढा मात्र सी. के. यांचाच आहे.

पुठ्ठ्याची चौकट मी घरी ठेवून आलो आहे. वही या टेबलावर आहे, बाराव्या पानात खुणेचा दोरा घातला आहे. चहा आता येईलच. तेव्हा ज्यांना पाहायची असेल त्यांनी चहाच्या आधी, कोरड्या हातांनी पाहून घ्यावी.