भरतीच्या अर्जातील रकाने

(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सैन्यभरतीविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुधा एक तर देशभक्तीच्या सुरात असते, नाही तर बेकारीच्या. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली तेव्हा चार वर्षांची मुदत, त्यानंतर फक्त पंचवीस टक्क्यांना कायम करणे आणि निवृत्तिवेतनाला फाटा, या गोष्टींवर पुष्कळ टीका झाली. ती रास्तच होती. आपल्या पक्षाने त्यावर आपली भूमिका मांडलेली आहे, तेव्हा तिची उजळणी मी करणार नाही. मला आपले लक्ष वेधायचे आहे ते वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या एका कागदाकडे, म्हणजे भरतीच्या अर्जाकडे. एखादा तरुण सैन्यात घेण्यास पात्र आहे की नाही हे ठरविण्यासाठी राज्यसंस्था त्याच्याकडून कोणती माहिती घेते, ती कशासाठी घेते, आणि त्याला परत पाठविल्यावर त्या माहितीचे काय करते, हे प्रश्न फारसे कोणी विचारीत नाही.

साताऱ्याकडच्या किंवा सांगलीकडच्या कोणत्याही गावात पहाटे रस्त्यावर धावणारी मुले आपण पाहिली असतील. साडेपाच मिनिटांत सोळाशे मीटर धावणे ही त्यांची चिंता असते असा आपला समज असतो. पण त्याच मुलांना विचारा. धावण्याइतकेच श्रम कागद गोळा करण्यात जातात. दहावीची गुणपत्रिका, अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, त्यात धर्माचा उल्लेख नसेल तर धर्माचा वेगळा दाखला, शाळेचा आणि सरपंचाचा वर्तणुकीचा दाखला, तोही सहा महिन्यांच्या आतला, अविवाहित असल्याचा दाखला, मुद्रांकावरील प्रतिज्ञापत्र, छायाचित्रांच्या वीसेक प्रती. तलाठी, सेतू कार्यालय, तहसील, ग्रामपंचायत असे हेलपाटे घालताना घरातल्या एका माणसाची मजुरी बुडते ती वेगळीच. हवाई दलाने २०२२ साली पहिल्या तुकडीसाठी अर्ज मागविले तेव्हा ७,४९,८९९ जणांनी नोंदणी केली. जागा होत्या सुमारे तीन हजार. म्हणजे एका जागेमागे अडीचशे तरुणांनी आपले नाव, गाव, वय, शिक्षण आणि कुळशील सरकारच्या स्वाधीन केले. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर येथे खरेदीदार एकच आहे आणि विकणारे लाखो आहेत. अशा बाजारात विकणाऱ्याने आपल्याविषयी सर्व काही सांगायचे आणि खरेदीदाराने काहीच सांगायचे नाही, हा व्यवहार ठरून जातो.

आता यातला जातीचा रकाना घ्या. सरकारी नोकरीच्या अर्जात जात विचारतात तेव्हा त्यामागे आरक्षणाचा हक्क असतो. ज्याला तो हक्क मागायचा आहे त्याने दाखला जोडायचा आणि ज्याला मागायचा नाही त्याचे दाखल्यावाचून अडत नाही. सैन्याच्या भरतीत जातीवर आधारलेले आरक्षण नाही. तरीही दाखला सर्वांना सक्तीचा आहे. ज्या मुलाला उभ्या आयुष्यात जातीच्या दाखल्याची गरज पडली नसती, त्यालाही तो येथे काढावा लागतो. म्हणजे जिथे जात विचारल्याने कोणालाही काही मिळत नाही तिथे ती सर्वांना विचारली जाते. जुलै २०२२ मध्ये यावर संसदेबाहेर गदारोळ झाला. ही पद्धत जुनीच आहे, नवे काही नाही, असे सरकारने सांगितले आणि सेनादलाकडून धर्माच्या नोंदीचे एक कारण देण्यात आले: प्रशिक्षणात वा सेवेत मृत्यू आल्यास अंत्यविधी त्या त्या धर्माप्रमाणे करता यावा. कारण समजण्यासारखे आहे. ते धर्माला लागू पडते. पण जातीला? सरकारी खर्चाने होणाऱ्या अंत्यविधीत जातवार चिता रचण्याची प्रथा निदान माझ्या ऐकिवात नाही.

या रकान्याला इतिहास आहे, आणि महाराष्ट्रात तो कोणाला नव्याने सांगण्याची गरज पडू नये. १८५७ नंतर, विशेषतः लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना, अमुक जाती लढवय्या आणि अमुक नव्हेत हा सिद्धांत भरतीचा पाया झाला. भरती अधिकाऱ्यांसाठी जातींची वर्णनपर पुस्तके निघाली. मराठ्यांवरचे आणि दख्खनी मुसलमानांवरचे असे एक पुस्तक १९०८ साली प्रसिद्ध झाले. ज्या महार समाजाने मुंबईच्या सैन्यात पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली होती, त्याची भरती १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांतच बंद करण्यात आली. कोणाची छाती मोजली नाही, कोणाला धावावयास लावले नाही. मोजपट्टी बाहेर काढण्यापूर्वीच एका रकान्याने निकाल दिला. त्याविरुद्ध निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये अर्ज केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सुभेदार होते, आणि त्या घराला मिळालेल्या शिक्षणाचा मार्ग लष्करी छावणीतून गेला होता, हे लक्षात घेतले म्हणजे भरतीबंदीने किती घरांचा मार्ग बुजला याची कल्पना येते. सैन्यातली नोकरी हीच ज्या समाजाला खुली असलेली रोख वेतनाची आणि साक्षरतेची वाट होती, तीच बंद झाली.

पुढे १९१७ साली महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा महारांची पलटण उभी राहिली, आणि १९२१ साली ती मोडण्यात आली. पुन्हा युद्ध आले आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट स्थापन झाली. मार्क्सने श्रमिकांच्या राखीव फौजेची कल्पना मांडली ती कारखान्यांच्या संदर्भात. येथे ती अक्षरशः फौजेला लागू पडते. गरज असली की अपात्र जात पात्र होते, गरज सरली की पुन्हा अपात्र. अंगचा गुण ओळखण्यासाठी ही नोंद कधी होत होती असे या तारखांवरून तरी दिसत नाही.

स्वातंत्र्यानंतर कोणत्याही जातीची, धर्माची वा प्रांताची नवी पलटण उभारायची नाही असे धोरण ठरले, हे मान्य केले पाहिजे. महार रेजिमेंटमध्ये आज सर्व जातींचे जवान आहेत. परंतु जुन्या पलटणी राहिल्या आणि त्यांच्याबरोबर जुना रकानाही राहिला. २०१३ साली सेनादलाने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की जात, धर्म वा प्रदेश पाहून भरती होत नाही. मात्र एका प्रदेशातील लोकांना एका पलटणीत एकत्र ठेवणे प्रशासनाच्या आणि लढाईच्या दृष्टीने सोयीचे असते. युक्तिवाद आपण क्षणभर स्वीकारू. मग एवढेच विचारू की भरती जात पाहून होत नाही, याची खात्री नागरिकाने कशी करून घ्यावी? कोणत्या समाजघटकातून किती अर्ज आले आणि किती जणांची निवड झाली हे आकडे प्रसिद्ध होत नाहीत. माहिती घ्यायची सर्वांकडून, आणि तिच्यातून निघणारा हिशेब मात्र कोणालाच दाखवायचा नाही. आयव्यय लपविणाऱ्या संस्थेला आपण बदनाम म्हणतो. येथे तसे म्हणायला कोणी धजत नाही.

जातीनंतर उंचीकडे वळतो. समाजवाद्यांनी खरे लक्ष द्यावे ते येथे. २०२२ च्या भरती-अधिसूचनांनुसार सामान्य सैनिकाच्या पदासाठी उंचीची अट प्रदेशवार वेगळी होती. महाराष्ट्र मध्य विभागात धरला जाई, तेथे १६८ सेंटिमीटर; गोवा दक्षिण विभागात, तेथे १६६. म्हणजे सावंतवाडीचा मुलगा दोन सेंटिमीटरने घरी परततो आणि पेडण्याचा तेवढ्याच उंचीचा मुलगा आत जातो. अशी सीमारेषा कुठे तरी आखावीच लागते, म्हणून त्यावर मी वाद घालणार नाही. माझा मुद्दा पुढचा आहे. उंचीत, छातीत, वजनात, दृष्टीत वा रक्तात जो कमी पडतो तो मुलगा आपल्याला काही तरी सांगत असतो. त्याची उंची म्हणजे त्याच्या आईच्या गरोदरपणातल्या जेवणाची आणि त्याच्या पहिल्या पाच वर्षांतल्या ताटाची नोंद आहे. आर्थिक इतिहासाचे अभ्यासक युरोपातील कामगारवर्गाचे राहणीमान ठरविताना जुन्या पलटणींच्या उंचीच्या वह्या चाळतात ते याच कारणाने. पगाराचे आकडे फसवितात. हाडे फसवीत नाहीत.

याचा उपयोग करून घेतलेली उदाहरणे आहेत. प्रशियात १८२८ साली एका सेनाधिकाऱ्याने राजाला कळविले की कारखानदारी जिल्ह्यांतून भरतीचा आकडा पुरा होत नाही, कारण मुले लहानपणीच कामाला जुंपली जातात. १८३९ मध्ये तेथे बालमजुरीवर पहिले निर्बंध आले. इंग्लंडमध्ये बोअर युद्धाच्या वेळी मँचेस्टरला पुढे आलेल्या सुमारे अकरा हजार तरुणांपैकी आठ हजार नाकारले गेले, असे आकडे त्या वेळी प्रसिद्ध झाले आणि साम्राज्याची राजधानी हादरली. चौकशी समिती बसली, तिचा अहवाल १९०४ मध्ये आला. १९०६ साली मजूर पक्षाच्या एका सभासदाने मांडलेल्या विधेयकातून शाळेतल्या गरीब मुलांना जेवण देण्याचा कायदा झाला आणि १९०७ मध्ये शालेय वैद्यकीय तपासणी आली. अमेरिकेतही दुसऱ्या महायुद्धात शारीरिकदृष्ट्या नाकारलेल्यांचे आकडे पुढे आले. १९४६ च्या शालेय भोजनाच्या कायद्यात राष्ट्रीय सुरक्षिततेचा उल्लेख आहे.

या राज्यकर्त्यांना मुलांचा कळवळा होता असे मी म्हणत नाही. त्यांना तोफेपुढे उभी करायला धडधाकट माणसे हवी होती. हेतू स्वार्थी होता. पण नाकारलेल्यांचे आकडे लोकांसमोर आले, म्हणून कामगारांच्या प्रतिनिधींना त्या स्वार्थातून भाकरी काढून घेता आली. आकडे दप्तरात राहिले असते तर ते घडले नसते.

आपल्याकडे काय आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.२ टक्के वयाच्या मानाने खुजी आहेत. देशातील पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलग्यांत रक्तक्षयाचे प्रमाण ३१.१ टक्के आहे. पण ही पाहणी पुरुषांच्या रक्तक्षयाचे आकडे राज्यापर्यंतच देते. जिल्ह्याचे देत नाही. म्हणजे नंदुरबारचा आणि कोल्हापूरचा अठरा वर्षांचा मुलगा यांत किती अंतर पडले हे सांगणारी सरकारी मोजणी आपल्यासमोर नाही. आणि नेमकी हीच मोजणी वर्षानुवर्षे भरतीच्या मैदानांवर, जिल्हावार, प्रशिक्षित डॉक्टरांकडून, सरकारी खर्चाने होत असते! मुलगा नापास होतो, बॅग उचलतो, एस.टी. पकडतो. कागद दप्तरात पडून राहतो.

एक आक्षेप मीच घेतो. भरतीला येणारी मुले साऱ्या जिल्ह्याचे प्रतिनिधित्व करीत नाहीत. त्यातून २०२३ पासून आधी संगणकावरची लेखी परीक्षा आणि मग मैदान असा क्रम झाल्याने चाळणी आणखी बारीक झाली. खरे आहे. पण जी मुले येतात ती महिनोन्‌महिने तयारी करून येतात. त्यांच्यातच जर उंची आणि रक्त कमी भरत असेल, तर जी घरून निघालीच नाहीत त्यांची स्थिती याहून बरी असण्याचा संभव कमी. ज्याने प्रतिचयन शिकविले आहे त्याला एवढे अनुमान काढण्याचा अधिकार असावा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. माहिती प्रसिद्ध करा म्हणताना त्या मुलाची अब्रू चव्हाट्यावर येता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यात मात्र सुरक्षिततेच्या नावाखाली सरकारी यंत्रणांना सूट देण्याची तरतूद आहे. निवड न झालेल्या लाखो मुलांचा आधार क्रमांक, छायाचित्र आणि वैद्यकीय नोंद किती वर्षे ठेवावी, याचा नियम त्यांना अर्ज भरतानाच समजला पाहिजे. मागतो आहोत ती बेरीज, नावे नव्हेत. आज व्यवहार उलटा आहे: नावे सरकारजवळ आहेत आणि बेरीज कोणाजवळच नाही.

तेव्हा जातीच्या दाखल्याची सक्ती एक तर काढून टाका, नाही तर ती कशासाठी आहे हे सांगून निवडीचे समाजघटकवार आकडे जाहीर करा, ही मागणी आपण केली पाहिजे. दाखल्यांचा भार निवड होईपर्यंत तरी मुलावर टाकू नये. पात्र ठरल्यावर कागद मागता येतात. आणि आपल्या विचाराच्या खासदारांनी येत्या अधिवेशनात संरक्षणमंत्र्यांना पुढील प्रश्न लेखी विचारावा, म्हणजे उत्तरही लेखी येईल: २०२२ पासून महाराष्ट्रातील प्रत्येक जिल्ह्यातून भरतीच्या मैदानावर किती उमेदवार आले, उंचीमुळे किती, छाती व वजनामुळे किती, दृष्टीमुळे किती आणि वैद्यकीय तपासणीत किती नाकारले गेले, हे आकडे राज्याच्या आरोग्य आणि शिक्षण खात्यांना कळविले जातात काय, नसल्यास का नाही.