सोल्डरच्या तारेतले शिसे

विजेवर चालणाऱ्या व इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील घातक द्रव्यांवर युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून निर्बंध घातले आणि त्याच धर्तीवर १ मे २०१४ पासून ते भारतातही लागू झाले. शिसे, पारा, षट्संयुजी क्रोमियम आणि प्लास्टिक लवकर पेटू नये म्हणून त्यात मिसळले जाणारे ब्रोमीनयुक्त रसायनांचे दोन गट यांना वजनाच्या ०.१ टक्का, तर कॅडमियमला ०.०१ टक्का एवढीच मुभा आहे. हे प्रमाण अख्ख्या उपकरणाचे नव्हे, तर ज्याचे यंत्राने आणखी भाग वेगळे करता येत नाहीत अशा प्रत्येक एकजिनसी पदार्थाचे मोजले जाते; म्हणजे सर्किटवरचा सोल्डरचा एक थेंबही स्वतंत्रपणे कसोटीला उतरावा लागतो.

नांदेड-लातूरकडे या थेंबाचाच विचार आधी करायला हवा. मोबाइल, मिक्सर, इन्व्हर्टर यांच्या दुरुस्तीत सर्रास वापरली जाणारी ‘साठ-चाळीस’ची तार म्हणजे ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसे, जिथे किलोमागे १ ग्रॅमची मर्यादा, तिथे किलोभर तारेत ४०० ग्रॅम शिसे असते. यात कारागिराचे अज्ञान आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण शिशाची तार १९० अंश सेल्सिअसच्या आतबाहेर वितळते, तर कथील, चांदी व तांबे यांच्या बिनशिशाच्या तारेला सुमारे २१७ अंश लागतात आणि ती महागही पडते. शिवाय निर्बंधांचा रोख उत्पादकांवर आहे. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांतून सूक्ष्म उद्योग वगळलेलेच आहेत. त्यामुळे कारखान्यात उपकरणातून बाहेर काढलेले शिसे दुरुस्तीच्या टेबलावर पुन्हा आत शिरते.

सोल्डरिंगचा धूर मुख्यतः तारेतल्या राळेचा असतो आणि तो छातीला बाधतो. शिसे मात्र बोटांना चिकटते, आणि त्याच अंगठ्याने तळहातावर तंबाखू मळली किंवा चहासोबतचे बिस्किट उचलले की ते थेट पोटात जाते. कपड्यांवरून ते घरीही पोहोचते, आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला त्याची सुरक्षित अशी कोणतीही मात्रा नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे स्पष्ट मत आहे.

दुरुस्तीच्या दुकानांत बसणाऱ्या श्रोत्यांनी पुढचे रीळ घेताना ‘लेड फ्री’ मागावे, आणि ते मिळेपर्यंत खाण्यापूर्वी व घरी निघण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत.